घालणे आणि नेसणे : संगणकातील माणूस आणि त्याचे कपडे

मराठीत शर्ट ‘घालतात’, धोतर ‘नेसतात’, फेटा ‘बांधतात’ आणि शाल ‘पांघरतात’. या चार क्रियापदांपैकी पहिल्या दोघांतील फरक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात घेण्याजोगा आहे. शिवलेला कपडा अंगावर येण्यापूर्वीच शरीराच्या आकाराचा झालेला असतो. त्याला बाह्या असतात, गळा असतो. म्हणून तो घालायचा. धोतर किंवा लुगडे खुंटीवर असते तेव्हा ती केवळ एक लांबलचक आयताकृती पट्टी असते. तिला आकार येतो तो शरीराभोवती वेढे, घड्या आणि खोचणी झाल्यावर. हा फरक वरवर भाषेचा वाटतो, पण मुळात तो भूमितीचा आणि यामिकाचा आहे. संगणकावर माणसाची त्रिमित आकृती उभी करून तिला कपडे चढवणाऱ्या आज्ञावलींचा इतिहास पाहू लागलो की तो वारंवार समोर येतो.

हा इतिहास सांगण्याचे निमित्त एका साध्या प्रश्नाचे आहे. नागपूर आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आम्हाला विचारतात : विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा एखादा पाठ समजावण्यासाठी माणसाची त्रिमित आकृती करायची आहे, तर कोणती आज्ञावली घ्यावी? उत्तरादाखल चार नावे सांगता येतील. परंतु नावांची यादी दोन-तीन वर्षांत शिळी होते. आज्ञावलीच्या पोटात कोणती गृहीतके दडलेली आहेत हे ओळखता आले, तर निवड ज्याची त्याला करता येते. ही गृहीतके दोन प्रकारची आहेत : शरीर कोणाचे, आणि कपडा कोणत्या जातीचा.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. विदर्भात दिवाळीच्या सुमारास कोणत्याही पांढऱ्या शिवारात दिसणारी, कापूस वेचणारी वयस्क बाई आपल्याला संगणकावर उभी करायची आहे. तिने कासोटा घालून नऊवारी लुगडे नेसले आहे. ऊन लागू नये आणि बोंडांच्या वाळलेल्या टोकदार कडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून वरून घरातल्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आहे. डोक्याला रुमाल बांधला आहे, आणि वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधली आहे. नेसणे, घालणे आणि बांधणे अशा तिन्ही क्रिया या एकाच आकृतीत आल्या. कोणत्याही आज्ञावलीची यापेक्षा चांगली परीक्षा आम्हाला तरी सुचत नाही.

संगणकापूर्वीची आकृती

नऊवारी नेसलेल्या मराठी स्त्रीची त्रिमित आकृती घडवण्याचे काम संगणकाच्या कितीतरी आधी झालेले आहे. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात शिकत असताना गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प प्लॅस्टरमध्ये केले. देवळाच्या वाटेवर निघालेल्या या स्त्रीच्या लुगड्याच्या चुण्या पाहिल्या, तर खाली शरीर कुठे आहे आणि कापड कुठे त्यापासून सुटून लोंबते आहे हे स्पष्ट कळते.

शिल्पकाराने तेव्हा तीन प्रश्न एकत्रच सोडवले होते. शरीराची प्रमाणे कोणती? कातडीचा आणि चेहऱ्याचा गोलवा कसा दाखवायचा? आणि कापड कुठे ताणलेले राहील, कुठे ढिले पडेल? शिल्पकार समोरच्या व्यक्तीकडे पाहून आणि हाताच्या सवयीने उत्तरे शोधतो. संगणकाला डोळा नाही आणि सवयही नाही. त्याला हे तिन्ही प्रश्न अंकांत घालून द्यावे लागतात. ते अंक कुठून आले हाच आपल्या इतिहासाचा विषय आहे.

शरीराचे अंक

माणसाच्या शरीराची सरासरी काढण्याची कल्पना बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी १८३५ च्या आपल्या ग्रंथात मांडली. ‘सरासरी माणूस’ ही त्यांची संकल्पना पुढे शंभर वर्षे शिवणकामापासून सैन्यभरतीपर्यंत सगळीकडे वापरली गेली. तिला मोठा धक्का बसला तो अमेरिकेच्या हवाई दलात. चालकाचा कक्ष सरासरी मापांवर बांधला तर तो बहुतेकांना सोयीचा होईल, अशी तेथे समजूत होती. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, बाहीची लांबी अशी १० मापे घेऊन, या सर्व मापांत सरासरीच्या आसपास असणारे किती हे त्यांनी मोजले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर होते : शून्य. सरासरी हा प्रत्येक मापाचा वेगवेगळा गुणधर्म आहे. सगळ्या सरासऱ्या एकत्र जोडून जो माणूस तयार होतो तो प्रत्यक्षात कुठेच नसतो. वर्गातील ४० विद्यार्थ्यांची केवळ ५ मापे घेऊनही हा निष्कर्ष पडताळता येतो.

संगणकावर माणूस आला तोही विमानाच्याच निमित्ताने. बोइंग कंपनीत विल्यम फेटर यांनी १९६० च्या दशकात रेषांनी बनलेली एक मानवाकृती तयार केली. चालकाचा हात कोणत्या कळीपर्यंत पोचतो हे विमान बांधण्यापूर्वीच कागदावर पाहणे हा तिचा उद्देश होता. म्हणजे या आकृत्या जन्मापासूनच शोभेच्या नव्हत्या. त्यांच्या हातापायांच्या लांबीवर यंत्रांचे आराखडे ठरणार होते. आजही ट्रॅक्टरचे आसन, बसची पायरी किंवा फवारणी पंपाचा पट्टा आखताना अशा आकृत्या वापरल्या जातात. आकृतीचे अंक चुकले, तर पट्टा खऱ्या माणसाच्या खांद्यात रुततो.

आपल्याकडे मापे घेण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. या असमानतेचा वंशाशी आणि बुद्धीशी संबंध असावा, अशी त्यांच्या मार्गदर्शकांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, हेच लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील निरनिराळ्या समाजगटांची शरीरमापे घेतली. हा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. दांडेकर हे संख्याशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे जाणकार असल्याने मापांच्या मागोमाग त्यांची चिकित्साही आली. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे एक क्षेत्रीय केंद्र नागपुरातच आहे, हेही वाचकांना ठाऊक असेल.

या मोजण्यांमागील मूळ प्रश्न गटागटांतील साम्य आणि भेद हा होता. कपडा किंवा अवजार बेतण्यासाठी लागणारी मापे हळूहळू पुढे आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांवरील ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने २००९ मध्ये भारतीय शेतकामगारांची मापे प्रसिद्ध केली. त्यात शरीराच्या लांबी-रुंदीची ७९ मापे आणि हातापायांच्या जोराची १६ मापे आहेत, आणि ती स्त्रिया व पुरुष दोघांची आहेत. तयार कपड्यांसाठी भारतीय आकारांचा तक्ता बनवण्याचा प्रकल्प राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे आला. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या त्या योजनेत मुंबईसह ६ शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापे त्रिमित स्कॅनरने घ्यायचे ठरले होते.

आता परदेशातील घडामोड पाहा. १९९८ पासून अमेरिका आणि युरोपातील काही हजार लोकांची शरीरे ‘सीझर’ नावाच्या प्रकल्पात स्कॅन झाली. जर्मनीच्या ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘एसएमपीएल’ नावाचे मानवी शरीराचे गणिती प्रतिमान मांडले. त्यासाठी त्यांनी याच संग्रहातील सुमारे १,७०० पुरुष आणि २,१०० स्त्रियांची स्कॅन वापरली. हे प्रतिमान उत्तम आहे आणि जगभर वापरले जाते. पण त्याला ‘सर्वसाधारण’ म्हणून जो माणूस ठाऊक आहे तो अमेरिका-युरोपातील आहे. कापूस वेचणारी बाई त्याच्या कक्षेत बसेल का, हे गृहीत धरून चालणार नाही. तिची मापे घालून पाहावे लागेल.

दुसरे उदाहरण शाळांच्या अधिक जवळचे आहे. ‘मेकह्युमन’ ही विनामूल्य आणि मुक्त स्रोत आज्ञावली २००० सालाच्या सुमारास आकाराला आली. तीत वय, वजन, उंची यांच्या पट्ट्या सरकवल्या की पडद्यावरील माणूस तसतसा बदलतो. त्याच पट्ट्यांबरोबर आणखी तीन पट्ट्या आहेत : आफ्रिकी, आशियाई आणि कॉकेशियन. यवतमाळची बाई यांपैकी कोण? एकोणिसाव्या शतकातील कवटीमोजणीची त्रिभागणी येथे एका निरुपद्रवी दिसणाऱ्या पट्टीच्या रूपाने टिकून राहिली आहे. ज्या वर्गीकरणाला इरावतीबाईंच्या कवट्यांनी दुजोरा दिला नाही, तेच वर्गीकरण आपला विद्यार्थी उंदराच्या एका टिचकीने स्वीकारतो. सुदैवाने याच आज्ञावलीत मान, खांदा, कंबर, मांडी अशी एकेक मापे भरण्याचीही सोय आहे. पट्ट्यांऐवजी मापांपासून सुरुवात केली, की हा प्रश्न बऱ्याच अंशी मागे पडतो.

पृष्ठभागाचे अंक

मापे मिळाली तरी त्यांच्यावर कातडी चढवावी लागते. हे काम प्रामुख्याने अमेरिकेतील युटा विद्यापीठात झाले. पद्धत अशी की पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांत आणि बहुभुजांत तोडायचा आणि त्यांच्या शिरोबिंदूंचे स्थान संगणकाला सांगायचे. १९७२ मध्ये एड कॅटमल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा प्लॅस्टरचा साचा घेतला, त्यावर सुमारे ३५० तुकडे आखले, प्रत्येक शिरोबिंदू मोजला आणि फ्रेड पार्क यांच्यासह पडद्यावर तो हात हलवून दाखवला. हे तुकडे हिऱ्याच्या पैलूंसारखे टोचरे दिसू नयेत म्हणून एका शिरोबिंदूपासून दुसऱ्यापर्यंत प्रकाशाची तीव्रता हळूहळू बदलत नेण्याची युक्ती आँरी गूरो यांनी १९७१ मध्ये काढली होती. त्यांनी त्यासाठी पत्नीच्या चेहऱ्यावर रंगाने जाळी आखून मापे घेतली.

प्लॅस्टरपासून प्लॅस्टरकडेच हा प्रवास आला म्हणायचा. फरक इतकाच की म्हात्र्यांच्या हाती पूर्ण शिल्प होते आणि युटातील संशोधकांच्या हाती बिंदूंची यादी.

कापडाचे अंक

कापूस आणि कापड नागपूरला नवे नाहीत. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून येथेच आहे. कापडाचा पोत कसा आहे हे जाणकार पूर्वी बोटांच्या चिमटीत धरून सांगत. बोटांचे हे ज्ञान अंकांत कसे आणायचे, हा प्रश्न इंग्लंडमधील मँचेस्टरच्या संशोधक एफ. टी. पीअर्स यांनी १९३० मध्ये हाती घेतला. त्यांची पद्धत इतकी सोपी आहे की ती कोणत्याही शाळेत करता येते.

कापडाची २.५ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे २० सेंटिमीटर लांब पट्टी टेबलाच्या कडेवरून सावकाश पुढे सरकवत न्या. पट्टीचे टोक वाकून खाली येईल. टेबलाची कड आणि टोक यांना जोडणारी रेषा आडव्याशी ४१.५ अंशांचा कोन करील तेथे थांबा आणि बाहेर आलेली लांबी मोजा. तिची निम्मी म्हणजे कापडाची ‘वाकलांबी’. कापडाचा ताठपणा क्षेत्रफळाच्या एककामागील वजन आणि वाकलांबीचा घन यांच्या गुणाकाराइतका असतो. दोन कापडांचे वजन सारखे असून एकाची वाकलांबी २ आणि दुसऱ्याची ३ सेंटिमीटर असेल, तर दुसरे दीडपट नव्हे, तर सुमारे ३.४ पट ताठ ठरते. खळ दिलेले आणि खळ न दिलेले सुती कापड घेऊन विद्यार्थ्यांनी हे जरूर करून पाहावे.

संगणकावर कापड प्रथम आले ते मात्र या भौतिकीशिवाय. १९८६ मध्ये जेरी वाइल यांनी खुंट्यांना टांगलेल्या कापडाचा आकार काढला. दोन खुंट्यांमध्ये लोंबणाऱ्या साखळीचा वक्र काढायचा आणि अशा वक्रांनी पृष्ठभाग भरून टाकायचा. चित्र छान येई, पण कापड हलू शकत नसे. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, देमेत्री तेर्झोपूलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थितिस्थापकतेची समीकरणे वापरून फडफडणारा झेंडा आणि वस्तूंवर पडणारा गालिचा दाखवला.

यानंतर रूढ झालेली कल्पना शिक्षकांना फळ्यावर सहज काढता येईल. कापड म्हणजे बिंदूंची जाळी समजा आणि प्रत्येक बिंदूला थोडे वस्तुमान द्या. शेजारच्या बिंदूंना स्प्रिंगने जोडा. ही स्प्रिंग ताणाला विरोध करते. तिरप्या शेजाऱ्यांना दुसरी स्प्रिंग लावा; ती जाळी तिरकस होण्याला विरोध करते. एक सोडून एक बिंदूंना तिसरी स्प्रिंग लावा. ती वाकण्याला विरोध करते. आता हातरुमाल ताणा-बाण्याच्या दिशेने ओढा आणि मग कोपऱ्यांत धरून तिरपा ओढा. पहिल्या वेळी तो फारसा ताणला जात नाही, दुसऱ्या वेळी चांगलाच लांबतो. तीन प्रकारच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या बळाच्या का हव्यात, हे यावरून कळते. फ्रान्समधील झाव्हिए प्रोव्हो यांनी १९९५ मध्ये त्यात आणखी एक नियम घातला : कोणतीही स्प्रिंग ठरावीक मर्यादेपलीकडे, उदाहरणार्थ १० टक्क्यांपलीकडे, ताणली गेली तर तिला ओढून मर्यादेत आणायचे. नाहीतर संगणकातील कापड रबरासारखे लोंबते.

मोठी अडचण वेळेची होती. स्प्रिंग जितकी ताठ, तितके काळाचे टप्पे लहान घ्यावे लागतात. टप्पा थोडा मोठा झाला की चुका वाढत जाऊन कापड चक्क उधळते. डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ मध्ये यावर तोड सांगितली. पुढच्या क्षणाची बले आताच्या स्थितीवरून न काढता, पुढच्या क्षणाच्या स्थितीसाठीच समीकरणे मांडायची आणि ती सगळी एकदम सोडवायची. गणित वाढते, पण टप्पा कितीतरी मोठा घेता येतो. बाजारातील कापडाच्या आज्ञावलींवर या पद्धतीचा ठसा मोठा आहे.

शिंप्याचा रस्ता

कापड हलू लागले, पण ते अंगावर कसे चढवायचे? जिनिव्हा येथील नादिया मॅग्नेना-थालमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेले उत्तर शिंप्याचे होते. कपड्याचे सपाट तुकडे बेतायचे, ते शरीराभोवती उभे करायचे, आणि शिवणीच्या कडा बल लावून एकमेकींकडे ओढून जोडायच्या. हा मार्ग अतिशय सोयीचा ठरला. दक्षिण कोरियात २००९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची ‘मार्व्हलस डिझायनर’ ही आज्ञावली याच मार्गाने जाते आणि शिवलेल्या कपड्यांसाठी ती नावाजलेली आहे.

आपल्या उदाहरणातील शर्ट या मार्गाने सहज होतो. लुगडे आले की मात्र अडते. लुगड्याला शिवण नाही. ते अंगावर राहते ते कमरेची गाठ, खोचणी आणि घर्षण यांच्या बळावर. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना खांबाला वेढे दिलेल्या दोरीचे सूत्र सांगता येईल : ई या स्थिरांकाचा, घर्षणांक गुणिले वेढ्याचा कोन इतका घात केला की दोन टोकांच्या ओढींचे गुणोत्तर मिळते. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यात हे गुणोत्तर ६.६ येते आणि दोन वेढ्यांत ४३. कंबर म्हणजे लाकडी खांब नव्हे, त्यामुळे हे आकडे ढोबळच. पण दोन वेढे दिलेले लुगडे दिवसभर वाकून वेचणी केली तरी का सुटत नाही, याचा अंदाज त्यांवरून येतो. उलट ज्या आज्ञावलीत कापडाचे कापडाशी घर्षण नीट धरलेले नाही, तिच्यात निऱ्या हळूहळू घसरून जमिनीवर येतात.

दुसरी अडचण मोजणीची आहे. ९ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, पन्हा १.१५ मीटर धरू. एकेका सेंटिमीटरवर बिंदू घेतले तर ८२० गुणिले ११५ म्हणजे ९४,३०० बिंदू झाले. कापडाचा एक थर दुसऱ्यातून आरपार जाऊ नये म्हणून कोणता बिंदू कोणाला टेकतो हे तपासावे लागते. प्रत्येक जोडी तपासायची म्हटली तर सुमारे ४४५ कोटी जोड्या होतात. दोन चौरस मीटर कापडाच्या शर्टात २०,००० बिंदू आणि सुमारे २० कोटी जोड्या. कापड पाचपटही नाही, पण काम बावीसपट! आणि चलच्चित्र हवे असेल तर सेकंदाला २४ वेळा. व्यवहारात कापडाचे पेट्यांत विभाजन करून दूरच्या जोड्या आधीच वगळतात, त्यामुळे काम पुष्कळ कमी होते. मात्र निऱ्यांमध्ये थरावर थर खरोखरच जवळ असतात. तेथे वगळण्यासारखे थोडेच उरते.

तिसरी अडचण क्रमाची. कोणता पदर आधी, कोणती निरी कुठे खोचायची, कासोटा केव्हा मागे न्यायचा, हे ज्ञान कापडात नाही आणि शरीरातही नाही; ते नेसणारीच्या हातात आहे. ऋता कपूर चिश्ती यांनी देशभर फिरून साडी नेसण्याच्या १०८ पद्धती नोंदवल्या. एकाच आयतापासून १०८ आकार! शिवलेल्या कपड्याचा कागदी नमुना जपून ठेवता येतो. नेसण्याचा नमुना म्हणजे हातांच्या हालचालींचा क्रम. तो कोणत्याही आज्ञावलीबरोबर तयार मिळत नाही.

निवड कशी करावी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९९५ मध्ये बाजारात आलेली ‘पोझर’ ही चित्रकाराच्या लाकडी बाहुलीची जागा घेण्यासाठी होती. ‘डॅझ स्टुडिओ’ने २००५ पासून तोच रस्ता पुढे नेला, मूळ आज्ञावली विनामूल्य आणि तयार माणसे, तयार कपडे बहुतांशी विकत. झटपट चित्र हवे असेल तर या ठीक आहेत. पण तयार साडी विकत घेतली की ती बहुधा एका विशिष्ट तयार देहासाठी बेतलेली असते, म्हणजे पुन्हा ‘घातलेली’च. ‘मार्व्हलस डिझायनर’ला वर्गणी पडते, शिवणकामाचा किंवा वेशभूषेचा अभ्यासक्रम असलेल्या महाविद्यालयाला ती परवडत असेल तर जरूर घ्यावी. तीतही आयत घेऊन, टाचण्या लावून, घड्या पाडून साडी नेसवता येते. मात्र शिवणीची सोय येथे कामी येत नाही.

शाळांसाठी आमचे मत ‘मेकह्युमन’ आणि ‘ब्लेंडर’ या जोडीच्या बाजूने आहे. ‘ब्लेंडर’चा इतिहास यासाठी थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ही डच आज्ञावली चालवणारी कंपनी २००२ मध्ये बुडाली. तिचे निर्माते टोन रोसेंडाल यांनी लोकवर्गणीचे आवाहन केले, सात आठवड्यांत १ लाख युरो जमले आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी आज्ञावलीचा मूळ संकेत सर्वांसाठी खुला झाला. तीत २००८ मध्ये कापडाची सोय आली. बिंदू टाचून ठेवणे, टाचलेले बिंदू हाताने हलवत नेणे आणि कापडाची कापडाशी टक्कर तपासणे, या नेसण्याला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी तीत आहेत. शिकायला ती जड आहे, हे मान्य केले पाहिजे. पण कोणाची कंपनी बंद पडली म्हणून शाळेचे काम अडणार नाही. ‘मेकह्युमन’मधून बाहेर काढलेली आकृतीही कोणत्याही अटीशिवाय वापरता येते.

कोणतीही आज्ञावली असो, घेण्यापूर्वी चार परीक्षा कराव्यात. पहिली : एका परिचित व्यक्तीची उंची, बसकी उंची, खांदा, कंबर आणि हाताची लांबी भरा, आकृतीवर तीच मापे परत मिळतात का? दुसरी : चेंडूवर रुमाल टाका, चार कोपरे चुण्या पाडून खाली येतात, की चादर रबरासारखी लांबते? तिसरी : कापडाच्या पाच निऱ्या करून एका ठिकाणी टाचा, थर एकमेकांतून आरपार जातात का? चौथी : काम साठवून दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या आज्ञावलीत उघडा, काही हरवते का? शिवाय शाळेचा संगणक जुना असेल तर आधी २ सेंटिमीटरची जाळी घ्या. बिंदू एक चतुर्थांश होतात आणि जोड्या सोळाव्या भागावर येतात. नागपूरच्या मे महिन्यात यंत्र तापून बंद पडण्यापेक्षा हे बरे.

आज्ञावली ठरली तरी दोन गोष्टी ती देणार नाही : मापे आणि नेसण्याचा क्रम. दोन्ही शाळेच्या आवारातच मिळतात. विद्यार्थ्यांनी घरच्या किंवा शेजारच्या आजींना विचारून, त्यांच्या संमतीने, पाच-सात मापे टेपने घ्यावीत, नाव न लिहिता वहीत नोंदवावीत. मग त्याच आजींना एखाद्या मुलीला किंवा पुतळीला लुगडे नेसवायला सांगून प्रत्येक टप्पा चित्रासह लिहून घ्यावा : पहिला वेढा कुठून, गाठ कशी, निऱ्या किती आणि किती रुंद, कासोटा कुठे खोचला. नऊवारी रोज नेसणाऱ्या स्त्रिया आता बहुतेक साठी-सत्तरीच्या पुढच्या आहेत. ही वही आधी भरावी. संगणक नंतर सुरू केला तरी चालेल.